वार्तापत्राची मांडणी आणि औषधाची मात्रा

काही वर्षांपूर्वी कामरगाव येथील आमच्या चिकित्सालयात एक वैद्यकीय वार्तापत्र चाळीत असता त्यातील कोष्टकात त्रिभुवनकीर्ति रसासमोर ‘३ ग्रॅम’ अशी मात्रा आढळली. लेखकाचे हस्तलिखित निर्दोष होते. कोष्टक पानाच्या तळाशी तुटले, पुढील पानावर मात्रेचा स्तंभ एक ओळ वर सरकला आणि खालच्या सितोपलादि चूर्णाची मात्रा या रसासमोर येऊन बसली. एक गुंज, म्हणजे सुमारे १२५ मि.ग्रॅ. मात्रेच्या तुलनेत ही चोवीसपट झाली. आणि या कल्पात वत्सनाभ आहे. अनुभवी वैद्य ही चूक ओळखेल. औषधालयातील नवा मदतनीस ओळखेलच असे नाही. म्हणून मांडणी हा केवळ शोभेचा विषय नव्हे, असे आम्हांस वाटते.

याबाबतीत आपल्यापुढे उत्तम आदर्श आहे. जावजी दादाजी यांनी मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९४१ साली वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली चरकसंहिता प्रसिद्ध केली. तीत मूळ सूत्र मोठ्या टाइपात, त्याखाली चक्रपाणिदत्तांची टीका लहान टाइपात आणि तळाशी पाठभेद, अशी रचना आहे. कोणते वचन कोणाचे, हे पान उघडताच कळते. वार्तापत्रानेही हेच साधावयाचे असते.

त्यासाठी पुढील बाबी पाळाव्यात :

१) शीर्षपट्टी : नाव, वर्ष, अंक व महिना प्रत्येक अंकी एकाच जागी असावेत. जुना संदर्भ शोधणे त्यामुळे सुलभ होते.

२) स्तंभ व अक्षर : मोठ्या पानावर दोन स्तंभ करावेत, फार लांब ओळीत दृष्टी चुकते. देवनागरीत वेलांटी, रफार वर व उकार खाली येतात, म्हणून ओळींत पुरेसे अंतर ठेवावे.

३) कोष्टक : ते एकाच पानावर संपवावे. न जमल्यास पुढील पानावर स्तंभांची शीर्षके पुन्हा द्यावीत. प्रत्येक ओळीखाली रेघ असावी. अंक व त्याचे परिमाण यांची ताटातूट होऊ देऊ नये. ‘.५’ असे न छापता ‘०.५’ असे छापावे.

४) चौकट : विषद्रव्ययुक्त कल्पांची सूचना लेखाच्या पोटात न दडवता स्वतंत्र चौकटीत द्यावी.

५) जाहिरात : ती लेखासारखी दिसू नये. वर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याचे भान संपादकाने राखावे.

६) मुद्रितशोधन : जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे व चिन्हे बदलण्याचा संभव असतो. यास्तव पानांची अंतिम जुळणी झाल्यावर सर्व मात्रा एका वैद्याने मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहाव्यात. एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे, ही जुनी रीत आजही उत्तम.

औषध देताना आपण पुडीवरील नाव दोनदा वाचतो. छापील मात्रेलाही तोच न्याय लावावा, एवढीच वैद्यबंधुभगिनींस व औषधालयचालकांस आमची विनंती आहे.