ला पास
ला पास : दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाचे शासनकेंद्र व अँडीज पर्वतातील प्रमुख शहर. संविधानाने राजधानीचा मान सूक्रे शहरास दिला असला, तरी शासन व संसद येथेच आहेत. स्पॅनिश अधिकारी आलोन्सो दे मेन्दोसा याने १५४८ मध्ये ते वसविले. विषुववृत्तापासून ते जवळजवळ माढा-सोलापूरइतकेच दूर, मात्र दक्षिणेस आहे. तरीही हवा थंड, कारण उंची सु. ३,६०० मी., म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मी.) दुपटीहून अधिक. विरळ हवेमुळे नवागतास डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश जाणवतो. विमानतळ तर वरच्या एल आल्तो पठारावर सु. ४,०६० मी. उंचीवर आहे, म्हणून पहिले दोन दिवस सखल भागात विश्रांती घेणे श्रेयस्कर. कोकाच्या पानांचा काढा सर्रास दिला जातो. विश्रांतीची उणीव त्याने भरून निघत नाही. स्वस्थ बसूनही धाप लागल्यास किंवा तोल जाऊ लागल्यास त्वरित खाली उतरावे.

आपल्याकडे गिरिस्थानी उंचावरच्या जागा धनिकांच्या. येथे उलट आहे. सधन वस्ती दरीच्या उबदार तळाशी, तर बहुतांशी आयमारा श्रमिक वर कडेला व पठारावर राहतात. २०१४ पासून रज्जुमार्गांनी हे दोन्ही भाग जोडले असून नगरदर्शनास तेच उत्तम साधन होय. त्यांतून इयिमानी हे हिमशिखर (सु. ६,४४० मी.) दिसते. सान फ्रान्सिस्को चर्च आणि शहराबाहेरील तिवानाकूचे प्राचीन अवशेष प्रेक्षणीय आहेत. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ प्रवासास सोयीचा असतो. जून-जुलैच्या रात्री मात्र कडाक्याच्या थंडीच्या असतात.