‘गोरा’ हा एक शब्द

4 मार्च 1829. शपथविधी आटोपून अँड्र्यू जॅक्सन व्हाइट हाउसकडे निघाले आणि त्यांच्या मागोमाग लोकांची रीघ लागली. चिखलाचे बूट घालून माणसे रेशमी खुर्च्यांवर चढली, काचसामान फुटले, रेटारेटीत नव्या अध्यक्षांचाच जीव गुदमरू लागला. सोबत्यांनी कडे करून त्यांना कसेबसे बाहेर काढले. मद्याचे टब हिरवळीवर नेऊन ठेवले, तेव्हा कुठे आतली गर्दी हटली.

‘जॅक्सननी सामान्य माणसाला मत दिले’ हे वाक्य या प्रसंगाला चिकटून आले आहे. ते खरे नाही. मतदार कोण, हे अमेरिकेत राज्ये ठरवत, आणि जमीनजुमल्याची अट राज्यांनी आधीपासूनच काढायला घेतली होती. 1812च्या युद्धात बंदूक उचललेल्यांना मत नाकारणे अवघड झाले होते. पश्चिमेकडच्या नव्या राज्यांना वस्तीसाठी माणसे हवी होती, पक्षांना मतदार हवे होते.

मग जॅक्सन यांचे श्रेय कोणते? लोकांना मतदानाला बाहेर काढण्याचे. 1824 साली त्यांना 99 इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मिळाले, जॉन क्विन्सी अॅडम्स यांना 84. स्पष्ट बहुमत कोणालाच नव्हते, म्हणून निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि अॅडम्स अध्यक्ष झाले. अॅडम्सनी प्रतिनिधिगृहाचे सभापती हेन्री क्ले यांना परराष्ट्रमंत्री केले, तेव्हा जॅक्सन यांच्या माणसांनी ‘भ्रष्ट सौदा’ म्हणून चार वर्षे गावोगाव रान उठवले. दरम्यान इलेक्टर थेट लोकांनी निवडण्याची पद्धत आणखी राज्यांत आली. 1828मध्ये डेलावेअर आणि साउथ कॅरोलायना एवढीच दोन राज्ये त्याला अपवाद उरली. 1824ला साडेतीन लाखांच्या आसपास मते पडली होती, 1828ला साडेअकरा लाखांच्या घरात. मला हा आकडा आजही थरारून टाकतो.

त्यांचा लोकांवरचा विश्वास मी खोटा मानत नाही. डिसेंबर 1829च्या पहिल्याच वार्षिक संदेशात त्यांनी इलेक्टरांची मध्यस्थी काढून अध्यक्ष थेट लोकांनी निवडावा, असे सुचवले होते. पण हे ‘लोक’ कोण?

राज्यांच्या ज्या घटना-परिषदांनी जमिनीची अट खोडली, त्यांतल्या कितींनी तरी तिच्या जागी कातडीचा रंग आणून बसवला. न्यूयॉर्कने 1821मध्ये गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट उठवली. काळ्या माणसाला मात्र 250 डॉलरची मालमत्ता दाखवल्याशिवाय मत नाही. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया मत देत असत, त्यांचा हक्क तर 1807सालीच गेला होता. टेनेसी हे जॅक्सन यांचे स्वतःचे राज्य. तिथल्या 1796च्या घटनेनुसार स्वतंत्र काळे पुरुष मत देत. 1834च्या नव्या घटनेत मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द आला. त्या वेळी जॅक्सन व्हाइट हाउसमध्ये होते, आणि त्याच राज्यातल्या त्यांच्या हर्मिटेज मळ्यावर गुलाम राबत होते. चेरोकी या मूळनिवासी जमातीने 1827मध्ये स्वतःची लेखी घटना केली होती. त्यांच्यासारख्या जमातींना मिसिसिपीपलीकडे घालवण्याच्या कायद्यावर जॅक्सननी 1830मध्ये सही केली. 1838-39च्या त्या सक्तीच्या वाटचालीत हजारो चेरोकी मेले.

पेनसिल्व्हेनियाच्या नव्या घटनेतही ‘गोरा’ घालायचे ठरले, तेव्हा फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट पर्विस यांनी 1838मध्ये चाळीस हजार काळ्या नागरिकांच्या वतीने निवेदन लिहिले. आम्ही कर भरतो, इथेच जन्मलो, आमचे मत का काढता, असा त्यांचा सवाल होता. ही घटना मंजूर करायची की नाही, यावर मतदान झाले. ती निसटत्या बहुमताने मंजूर झाली.

वंशावरून मत नाकारण्यास मनाई करणारी पंधरावी घटनादुरुस्ती 1870मध्ये झाली. तेव्हा पर्विस साठीला टेकले होते.