दुधी पेपरचा फंडा

ऑफिसात कीबोर्ड बडवताना डोक्यावरच्या एलईडी पॅनेलकडे कधी नीट बघितलंय? आतले एलईडीचे ठिपके दिसत नाहीत, डोळे दिपत नाहीत, सगळीकडे सारखा उजेड. ही करामत त्याच्यावर बसवलेल्या दुधी प्लास्टिकची. आपल्यासाठी ती फक्त सोय. पण याच प्लास्टिकवर कुणाचं अख्ख्या हंगामाचं गणित अवलंबून असेल तर? तसं एक गणित मला कोपरगावात भेटलं.

शिर्डीला जाणारे बरेच जण ज्या स्टेशनवर उतरतात, तेच हे कोपरगाव. गोदावरीचं पाणी आणि चहूकडे ऊस. त्या उसाच्या शेजारी मित्राच्या थोरल्या भावाचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, आत रंगीत ढोबळी मिरची. छतावरच्या प्लास्टिकला इथे सरळ ‘पेपर’ म्हणतात. जाडी साधारण २०० मायक्रॉन, तीनेक वर्षांनी बदलावा लागतो. यंदा दादाची बदलायची पाळी. साधा पारदर्शक घ्यायचा की दुधी? दादाचा जीव पारदर्शकावर. आपणच पैसे मोजून ऊन का अडवायचं, हा त्याचा सवाल. सवाल बिनतोड वाटतो, पण दुधी पेपर ऊन अडवण्यापेक्षा पसरवतो जास्त.

ग्लासभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाका आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा. टॉर्चचा गोळा विरघळतो, पण ग्लास उजळतो. दुधातले बारीक कण प्रकाशाची वाट मोडतात, प्रकाश गिळत नाहीत. पेपरमध्येही असेच कण मिसळलेले असतात आणि सगळं डिझाइन त्या कणांच्या निवडीत आहे. प्रकाश प्लास्टिकमधून कणात शिरताना वळतो, कारण दोघांचा अपवर्तनांक वेगळा असतो (दहावीचं विज्ञान आठवा!). पॉलिथिनचा साधारण १.५१. सिलिकाचा १.४६ म्हणजे फरक थोडा, त्यामुळे प्रकाश हलकेच वळून पुढेच जातो. टायटॅनियम डायऑक्साइडचा तब्बल २.७. भिंतीचा रंग पांढराशुभ्र दिसतो तो याच्यामुळे, कारण हा बराचसा प्रकाश उलटा फेकतो. पिकावर असं छत म्हणजे कल्याणच! कणाचा आकारही महत्त्वाचा. काही मायक्रॉनचा कण प्रकाश मुख्यतः पुढे ढकलतो, त्याहून खूप बारीक झाला की तो चहूबाजूंना उधळायला लागतो.

आणि पिकाला याचा उपयोग काय? कोपरगाव जवळपास २० उत्तर अक्षांशावर, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर. पारदर्शक पेपरखाली वरची पानं पोटभर ऊन खाऊन थांबतात, उरलेलं वाया. उघड्या पडलेल्या मिरच्यांवर पांढरट डाग येतात आणि खालची पानं मात्र सावलीत उपाशी. दुधी पेपरखाली ऊन तिरकं-तारकं होऊन आतपर्यंत पोचतं. सावल्या पुसट होतात. तिथे काढलेला आपला फोटो स्टुडिओतला वाटतो, हा बोनस.

नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या संशोधकांनी प्रकाश पसरवणाऱ्या काचेखाली टोमॅटो घेतले तेव्हा उत्पादन सुमारे ८ ते ११ टक्के वाढलं. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. पण ती काच, तो टोमॅटो आणि ते ऊन त्यांचं. शिवाय त्या काचेतून येणारा एकूण प्रकाश कमी होऊ दिला नव्हता. माझ्या मते खरी मेख इथे आहे. पावसाळ्यात ढगांनी ऊन आधीच पसरवलेलं असतं, तेव्हा दुधीपणाचा फायदा जवळपास शून्य. पेपरने पाच टक्के प्रकाश खाल्ला असेल तर तेवढा निव्वळ तोटा.

म्हणून पेपर घेताना दोन आकडे विचारायचे, एकूण किती प्रकाश आत येतो आणि त्यातला किती पसरतो. दुसऱ्याला ‘हेझ’ म्हणतात आणि त्यात एक गंमत आहे. सरळ रेषेपासून अडीच अंशांहून जास्त वळलेला सगळा प्रकाश हेझमध्ये धरतात. तीन अंश वळलेलाही त्यात, चाळीस अंश वळलेलाही त्यात. म्हणजे सारख्या हेझचे दोन पेपर पिकावर अगदी वेगळे वागू शकतात! त्यावर देशी उपाय म्हणजे नमुन्याचा तुकडा उन्हात, जमिनीपासून हातभर वर धरायचा आणि पेपरच्या वर आपला हात न्यायचा. खाली बोटं मोजता आली, तर पेपर नावालाच दुधी.

दादाने मोबाइलवर आलेलं कोटेशन काढून दाखवलं. मायक्रॉन, वजन, रंग, गॅरंटी, सगळं होतं. एकूण प्रकाशाचा आकडा तेवढा नव्हता. आमचा चहा येईपर्यंत त्याने विक्रेत्याला फोन लावला होता.