तुसडेपणा येतो कुठून?

रुग्णालयातून घरी आलेला माणूस औषधांबद्दल फारसं बोलत नाही, माणसांबद्दल बोलतो. सिस्टर तुसडेपणानं वागल्या, डॉक्टरांनी मान वर करूनही पाहिलं नाही. तक्रार बहुधा खरी असते. ‘यांना माणुसकीच उरलेली नाही’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा चुकतो. हा कोरडेपणा कामाच्या जागी पायरीपायरीनं तयार होतो, आणि तो कसा तयार होतो याचा अभ्यास पन्नास वर्षं चालू आहे.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे हौसेनं आलेली माणसं साधारण वर्षभरात चिडचिडी, थकलेली, कशातच मन नसलेली होत असल्याचं त्यांनी पाहिलं आणि १९७४ मध्ये या अवस्थेबद्दल, म्हणजे बर्नआउटबद्दल, लेख लिहिला. सर्वाधिक धोका त्यांना दिसला तो कामात जीव ओतणाऱ्यांना. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ही अवस्था मोजण्यासाठी २२ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. या अवस्थेची तीन अंगं, म्हणजेच तीन पायऱ्या, आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसापासून तुटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं.

थकव्यापासून सुरुवात करू. वॉर्डातली सिस्टर एकाच वेळी दोन कामं करत असते. सलाइन लावणं, बीपी घेणं, चार्ट भरणं, इंडेंट लिहिणं हे दिसणारं काम. न दिसणारं काम चेहऱ्याचं आणि आवाजाचं. एका खाटेवर माणूस नुकताच गेलेला असतो, त्याच्या बायकोशी हळू आवाजात बोलायचं, आणि पुढच्याच मिनिटाला शेजारच्या खाटेवरच्या मुलाला हसून इंजेक्शन द्यायचं. आधीचं दुःख बाजूला ठेवायला मध्ये दोन मिनिटंही मिळत नाहीत. शरीराचा शीण झोपेनं उतरतो. मनाचा हा शीण साठत जातो.

आणि झोप तरी कुठे मिळते? ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत स्कूटर चालवणं गुन्हा ठरतो, तितक्याच बिघडलेल्या अवस्थेत निवासी डॉक्टर इमर्जन्सीच्या दिवशी टाके घालतो, डोस ठरवतो. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नच्या हातून, पाळ्या छोट्या केल्यावर झाल्या त्यापेक्षा ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या होत्या. हा अभ्यास २००४ चा.

दुसरी पायरी, समोरच्या माणसापासून तुटणं, नातेवाइकांना सर्वांत जास्त बोचते. ‘जाधवकाका’ म्हणणारी सिस्टर ‘बेड नंबर बारा’ म्हणू लागते. इथे नीट थांबून पाहिलं पाहिजे. दुसऱ्याची वेदना आपलीच असल्यासारखी सोसत राहिलं की मन शेवटी तिच्यापासून दूर पळतं. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याहून वेगळी अशी करुणा दाखवून दिली. समोरच्याचं भलं व्हावं, आपण त्यासाठी काही करावं, ही भावना माणसाला इतकं पोखरत नाही, आणि ती सरावानं वाढवताही येते. पण माझ्या मते या करुणेला एक गोष्ट लागते: करता येण्याजोगं काहीतरी आपल्या हातात असणं. औषध बाहेरून आणायला सांगावं लागतं, व्हेंटिलेटर रिकामा नाही, खाटा संपल्यामुळे रुग्ण जमिनीवर गादी टाकून पडलेत आणि रात्री तीस-चाळीस जणांमागे एकटी सिस्टर आहे. अशा ठिकाणी दुःख दिसत राहतं आणि करता मात्र काहीच येत नाही. मग नजर वळवणं एवढाच मार्ग उरतो. ज्याला आपण तुसडेपणा म्हणतो तो पुष्कळदा हा असतो.

तिसरी पायरी घरी गेल्यावर लागते. आपण म्हाताऱ्या बाईवर खेकसलो हे सिस्टरला पक्कं आठवत असतं. ज्या कामासाठी हा पेशा धरला तेच आपल्याला जमत नाही, असं वाटू लागतं. काही जणी नोकरी सोडतात. काहींना परदेशातली संधी मिळते. रिकामी जागा भरली जात नाही, मागे राहिलेल्यांवर डबल ड्युटी येते, आणि पहिली पायरी नव्या माणसासाठी पुन्हा सुरू होते. लिंडा एकन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, आणि शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. सिस्टरचा थकवा आणि रुग्णाचा जीव हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

म्हणूनच योगशिबिर आणि तणावमुक्तीची व्याख्यानं यांवर भागवणाऱ्या प्रशासनाचा मला राग येतो. योग चांगलाच आहे. पण सिस्टरला सुट्टीच्या दिवशी बोलावून घेऊन ताण कसा घ्यायचा नाही हे शिकवणं, हा दोष तिच्याच माथी मारण्याचा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून केली. उपायही तिथेच हवा.

नियम आपल्याकडे आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका हवी. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असं केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरच्या हत्येनंतर, सर्वोच्च न्यायालयाला ३६ तासांच्या ड्युट्या अमानुष असल्याचं सांगावं लागलं. कॅलिफोर्नियानं परिचारिका आणि रुग्ण यांचं प्रमाण कायद्यानं बांधून २००४ पासून लागू केलं. तो मार्ग आपल्यालाही बंद नाही.



वाचकांना एक विनंती. आपल्या जिल्हा रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात किती जणी असतात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि उत्तर तीस दिवसांत देणं कायद्यानं बंधनकारक आहे.