स्कूटीचं हेल्मेट बर्फावर चालेल का? हेल्मेट, बूट आणि स्की निवडण्यामागचं गणित

मागच्या आठवड्यात नांदेडहून पुतणीचा फोन आला. दिवाळीनंतर पुण्याच्या एका ग्रुपबरोबर तैलबैल्याची भिंत चढायची आहे आणि जानेवारीत औलीला स्कीचा कोर्स. सामानाची यादी वाचून झाल्यावर म्हणाली, "काका, हेल्मेट तर आहे की माझं स्कूटीचं. आयएसआय मार्कवालं. उगं दुसरं कशाला घ्यायचं?"

प्रश्न रास्त आहे. नांदेड काय आणि आमचं लातूर काय, हे सामान हातात घेऊन बघायला मिळेल असं दुकान मला तरी आजवर दिसलेलं नाही. मग आपण मोबाइलवर फोटो, स्टार आणि डिस्काउंट बघून मागवतो, नाहीतर तिथे गेल्यावर समोरचा देईल ते भाड्याने घेतो. मीही तेच केलं होतं. माझा उजवा गुडघा त्याची आठवण अजून करून देतो. ती गोष्ट पुढे सांगतो, आधी डोक्याचं बघू.

कोण कुणावर आपटतं?

दुचाकीच्या हेल्मेटची चाचणी कशी होते? डोक्याच्या आकाराच्या साच्यावर हेल्मेट चढवतात आणि ते दोन्ही मिळून खालच्या ऐरणीवर आपटतात. म्हणजे डोकं वेगात आहे आणि रस्ता जागेवर. आपल्याकडे यासाठी आयएस ४१५१ हे मानक आहे आणि १ जून २०२१ पासून या मानकाचा आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही.

कड्यावर उलटं होतं. तुम्ही दोराला धरून जागेवर असता आणि दगड वरून येतो. म्हणून क्लाइंबिंग हेल्मेटच्या ईएन १२४९२ या युरोपीय मानकात हेल्मेट स्थिर ठेवून त्याच्या टाळूवर ५ किलोचं वजन २ मीटरवरून सोडतात. खालच्या डोक्यापर्यंत पोचणारा जोर १० किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे. यूआयएए ही गिर्यारोहकांची आंतरराष्ट्रीय संघटना आणखी कडक आहे, ती ८ च्या आत मागते.

आता हे आपल्या सह्याद्रीत आणून बघा. ५ किलो गुणिले २ मीटर गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ९८ ज्यूल ऊर्जा. अर्ध्या किलोचा दगड २० मीटरवरून सुटला तर त्याचीही ऊर्जा तेवढीच होते आणि खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. अर्धा किलो म्हणजे मुठीपेक्षा थोडा लहान दगड, आणि २० मीटर म्हणजे सहा-सात मजले. आपल्या कड्यांना ही उंची किरकोळ आहे. म्हणजे हेल्मेट चाचणीत पास झालं तरी त्याची हद्द कुठे संपते ते कळलं. मोठा धोंडा आला तर भरवसा नाही, पण सह्याद्रीत खरा त्रास असतो तो छोट्या दगडांचा. बेसाल्टचे थर, मधे मधे ठिसूळ लालसर पट्टे, पावसाळ्यात मोकळी झालेली माती. वरच्या माणसाचा दोर घासला तरी दगड सुटतो. माकडं पळाली तरी सुटतो.

मग स्कूटीचं हेल्मेट का नको? तेही डोकं वाचवतंच की. पण ते वजनाला साधारण किलोभर असतं, आणि चांगलं क्लाइंबिंग हेल्मेट २५० ते ३५० ग्रॅम. दिवसभर मान वर करून पुढचा होल्ड शोधायचा असेल तर हा फरक मानेला कळतो. कान झाकलेले असले की वरून कुणी "दगड!" ओरडलेलं नीट ऐकू येत नाही. पूर्ण तोंडाचं असेल तर हनुवटीच्या पट्टीमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. आणि नोव्हेंबरच्या उन्हात डोक्याची भट्टी होते ती वेगळीच. एकदा भट्टी झाली की माणूस हेल्मेट काढून पिशवीत टाकतो, आणि पिशवीतल्या हेल्मेटला कुठलंच मानक वाचवू शकत नाही.

याहून फसवी चूक म्हणजे बांधकामावरचं हेल्मेट. हार्डवेअरच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं आणि लांबून बघितलं तर क्लाइंबिंगचंच वाटतं. फरक हनुवटीच्या पट्ट्यात आहे. कारखान्यातल्या हेल्मेटच्या ईएन ३९७ मानकात पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढ बसली की सुटलाच पाहिजे, कारण हेल्मेट कशात अडकलं तर कामगाराला फास बसायला नको. म्हणजे १५ ते २५ किलो वजन टांगलं की तो सुटणार. कड्यावरून पडताना मात्र हेल्मेट डोक्यावर टिकलं पाहिजे, म्हणून ईएन १२४९२ मध्ये पट्ट्याला ५०० न्यूटन, म्हणजे ५० किलोच्या आसपासची ओढ सोसावी लागते. दिसायला दोन्ही सारखी, पण पट्ट्याचं काम एकमेकांच्या अगदी उलट.

स्कीचं हेल्मेट यातलं तिसरं. तिथे पुन्हा डोकंच वेगात असतं. ईएन १०७७ मध्ये साचा हेल्मेटसकट दीड मीटरवरून पाडतात, आपटताना वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतो. 'इतकाच?' असं वाटेल, कारण नवखाही उतारावर याहून जोरात जातो. पण घसरत पडताना सगळा वेग काही सरळ डोक्यावर येत नाही, बराचसा घसरण्यात जातो. झाडावर किंवा खडकावर थेट आदळलं तर मात्र हिशेब बदलतो. मायकेल शूमाकरला २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समध्ये स्की करताना डोक्याला जी गंभीर इजा झाली, तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि ते खडकावर फुटलं.

या मानकात दोन वर्ग आहेत. 'ए' वर्गात कानावरही कडक कवच येतं, 'बी' वर्गात कानाशी मऊ कापड असतं आणि ऐकू चांगलं येतं. पुतणीसारखं ज्यांना दोन्ही करायचंय, त्यांच्यासाठी एकाच हेल्मेटवर ईएन १२४९२ आणि ईएन १०७७ असे दोन्ही शिक्के असलेली मॉडेल मिळतात. आतलं लेबल वाचा. तिथे नुसतं 'मल्टिस्पोर्ट' लिहिलंय आणि मानकाचा आकडा नाही, असं असेल तर ते मी घेणार नाही, मग डिस्काउंट कितीही असो.

मापाबद्दल एवढंच: पट्टा न लावता हेल्मेट घालून मान खाली करून हलवा, पडायला नको. आणि अंबाडा घालून नव्हे, केस जसे बांधून चढणार तसे बांधून बघा. उंच अंबाड्यावर बसवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. आतला थर्माकोलसारखा फोम (ईपीएस) एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी टाकून द्यायचं. सेकंडहँड हेल्मेट मी याच कारणाने घेत नाही. त्याच्यावर आधी काय पडलं, हे विकणारा सांगत नसतो.

बूट: आकडा पायाचा असतो

सह्याद्रीत भटकायला महागडा बूट लागत नाही. ॲक्शनचे साधे ट्रेकिंगचे बूट घालून निम्मा महाराष्ट्र गड चढलाय. बर्फावर गेलं की मात्र बुटाचा तळ किती कडक आहे हा मुद्दा येतो, कारण बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी काट्यांची चौकट बांधायची असते. तळ वाकणारा असेल तर चौकट ऐन उतारावर निसटते. म्हणून बुटांना बी० ते बी३ आणि क्रॅम्पॉनला सी१ ते सी३ असे दर्जे देतात. नियम सोपा आहे: क्रॅम्पॉनचा आकडा बुटाच्या आकड्यापेक्षा मोठा नको. बी० बुटाला क्रॅम्पॉन लावायचाच नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी कोर्सला जाणार असाल तर बूट तिथेच मिळतात, तेव्हा घाई करून विकत घेऊ नका.

स्कीचा बूट म्हणजे प्लास्टिकचा कडक डबा आणि आत मऊ अस्तर. त्याचा नंबर यूके ७, ८ असा नसतो, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये असते. याला माँडोपॉइंट म्हणतात. संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. २४.३ आलं तर २४.५ मागा. २५.५ कशाला? "जरा मोठाच द्या, दोन मोजे घालतो" ही आपली सवय इथे नडते. दोन मोज्यांनी आत सुरकुत्या पडतात, पाय दाबला जातो, रक्त कमी फिरतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. एकच पातळ लोकरीचा मोजा पुरे.

दुकानात एक परीक्षा करता येते. अस्तर बाहेर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक-दीड सेंटिमीटर ठीक. तीन बोटं जात असतील तर तो बूट तुमचा नाही. लहानपणापासून चपला घातलेले आपले पाय बहुधा पुढे पसरट असतात, म्हणून रुंदी विचारा. ९८ मिलिमीटर अरुंद, १०२ ऐसपैस. 'फ्लेक्स' नावाचा आणखी एक आकडा बुटावर असतो, पण प्रत्येक कंपनीचा ८० वेगळा, त्यामुळे त्याच्या फार नादी लागू नका.

माझा गुडघा आणि बाइंडिंगचा आकडा

बूट आणि स्की यांना जोडणारा खटका म्हणजे बाइंडिंग. चालताना धरून ठेवायचं आणि पडताना सोडून द्यायचं, अशी त्याची दुहेरी नोकरी. किती जोराला सोडायचं ते एका स्क्रूने ठरतं, त्याच्या आकड्याला सगळे 'डिन' म्हणतात. तो आकडा आयएसओ ११०८८ च्या तक्त्यातून काढतात. त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही सावध, मध्यम की आक्रमक प्रकारचे स्कीअर आहात, हे लागतं. तळाची लांबी का? पाना जितका लांब तितका कमी जोरात नट फिरतो, तसंच हे. लांब बूट पायाला जास्त पीळ देतो, म्हणून त्याच वजनाच्या माणसाला आकडा खाली आणावा लागतो. वय ५० च्या पुढे असेल तर आणखी एक पायरी खाली.

माझं वय तेव्हा ५२ होतं. भाड्याच्या दुकानात पोराने विचारलं, "सर, कितवी वेळ?" मी म्हटलं, "इंटरमीजिएट." ती माझी दुसरी वेळ होती. वय त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वजन अंदाजाने घेतलं, तळ मोजला नाही, आणि स्क्रू दोनदा फिरवून स्की हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी मी पडलो तोही जोरात नव्हे, जवळजवळ उभ्या उभ्या. स्कीचं मागचं टोक मऊ बर्फात रुतलं, अंग एकीकडे फिरलं, स्की जागेवर राहिली आणि बूट काही सुटला नाही. आतून कट्कन आवाज आला. लातुरात एमआरआय झाला, लिगामेंट फाटलेलं निघालं. पुढे सहा महिने फिजिओथेरपी.

बाइंडिंग बरोबर लावलं असतं तर गुडघा वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. ही यंत्रणा मुळात नडगीचं हाड वाचवायला बनलेली आहे, गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटला ती पूर्ण सांभाळत नाही. पण आकडा बरोबर असतो तेव्हा निदान एक संधी असते. ती मी एका शब्दाच्या ऐटीपायी घालवली.

उरली स्की. खरं सांगायचं तर नवख्याने ती विकत घेऊच नये. कोर्सच्या फीमध्ये स्की आणि बूट बहुतेक धरलेले असतात, हेल्मेटचं मात्र विचारून घ्या. तरी हातात आलेल्या स्कीवरचे आकडे वाचता आले की मजा येते. समजा तिच्यावर १२०-७४-१०४ लिहिलंय. ही पुढची, मधली आणि मागची रुंदी, मिलिमीटरमध्ये. टोकांची सरासरी ११२, त्यातून ७४ गेले, उरले ३८. दोन बाजूंना वाटले की प्रत्येक बाजूची कड १९ मिलिमीटर आत गेलेली. बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर धरा. दीडचा वर्ग २.२५, त्याला आठ गुणिले ०.०१९ ने भागा, उत्तर १४.८. म्हणजे स्की कडेवर कलंडली की ती सुमारे १५ मीटर त्रिज्येचं वळण स्वतःच घेऊ पाहते. कंपनी याच अर्थाने स्कीवर 'आर १५' असं काहीतरी छापते. १९९३ च्या सुमारास स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने अशी खोल कमरेची स्की बाजारात आणली, त्याआधीच्या स्की जवळपास सरळ आणि दोन मीटर लांब असायच्या, आणि वळवायला जीव जायचा. आज नवख्याला हनुवटीपर्यंत येणारी, मध्ये ७० ते ८० मिलिमीटरची स्की पुरते. लांब स्की जास्त वेगात स्थिर असते, पण पहिल्या आठवड्यात तुम्हाला वेग नको असतो, वळण हवं असतं.

हे सगळं पुतणीला सांगितलं. दोन शिक्क्यांचं हेल्मेट मागवलंय, पाय मोजला तो २४.३ भरला. सचखंडचं दिल्लीपर्यंतचं तिकीट काढून झालंय, पुढे हरिद्वार आणि जोशीमठ. काल रात्री परत फोन. कोर्सचा फॉर्म भरत बसली होती.

"काका, वजन चौपन्न लिहू का छप्पन्न? थोडं कमीच लिहिते."

"काट्यावर उभी राहा," म्हटलं, "आणि जो आकडा येईल तो लिही."