कालवा इलिनॉयचा, वर्गणी मिशिगनची

लँप्रेला जबडा नसतो. ईलसारख्या लांबट अंगाच्या टोकाला गोल तोंड, त्यात गोलाकार रांगांनी बसलेले दात आणि मधोमध खरवडणारी जीभ. ट्राउटच्या अंगाला चिकटायचं, खवल्यांतून भोक पाडायचं, रक्त गोठू नये असा स्राव जखमेत सोडायचा आणि निवांत पीत राहायचं. एक लँप्रे आयुष्यात 18 किलोपर्यंत मासे संपवू शकतो.

हा प्राणी अटलांटिकमधला. उत्तर अमेरिकेच्या वरच्या महासरोवरांत जायला त्याला नायगारा धबधबा आडवा येत होता. धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा माणसाने जहाजांसाठी काढला, खोल केला, आणि 1921 मध्ये लँप्रे ईरी सरोवरात सापडला. 1938 मध्ये तो सुपिरियर सरोवरापर्यंत पोचला. आधीच बेसुमार पकडल्या जाणाऱ्या लेक ट्राउटचं कंबरडं मोडलं. काठावर अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ऑंटारिओ प्रांत. कायदे ज्याचे त्याचे, मासे सामाईक.

अखेर 1954 मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि ग्रेट लेक्स फिशरी कमिशन उभं राहिलं. मिशिगनमधल्या हॅमंड बे इथे हजारो रसायनं तपासल्यावर टीएफएम हाती लागलं. लँप्रेच्या अळ्या काही वर्षं ओढ्यांच्या गाळात पडून असतात. हे औषध त्यांना तिथेच गाठतं, इतर माशांना फारशी इजा न करता. लँप्रे जवळपास 90 टक्क्यांनी घटले.

मला मात्र रसायनापेक्षा हिशोब जास्त रंजक वाटतो. लँप्रेवरच्या खर्चात अमेरिकेचा वाटा 69 टक्के, कॅनडाचा 31. किनारा कोणाचा किती लांब हे पाहिलं गेलं नाही. पूर्वी कोणाच्या जाळ्यात किती मासे यायचे, यावरून हा वाटा ठरला. कटकट एवढीच की वर्गणी दरवर्षी भरावी लागते. कारण एक मादी लाखभर अंडी घालू शकते. 2020 मध्ये कोविडमुळे बरेच ओढे औषधाविना राहिले आणि पुढच्या काळात लँप्रे पुन्हा वाढले. लँप्रे दिसेनासे झाले की अर्थखात्याला हा खर्च फालतू वाटू लागतो, तिथेच घात होतो.

आता सरोवरांच्या उंबरठ्याशी आलाय सिल्व्हर कार्प. आपल्याकडे शेततळ्यांत कटला-रोहूच्या बोटुकल्यांबरोबर सोडतात, तोच. अमेरिकेने 1970 च्या दशकात तळ्यांतलं शेवाळ खायला आणला. तो निसटला आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरला. बोटीचं इंजिन सुरू झालं की उसळी मारून थेट माणसांच्या अंगावर आदळतो. 1900 मध्ये शिकागोने आपलं सांडपाणी मिशिगन सरोवराऐवजी उलट दिशेला, मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळवण्यासाठी कालवा सुरू केला, तीच आता या माशाची वाट.

त्या वाटेवर इलिनॉयमध्ये, जोलिएटजवळच्या ब्रँडन रोड बांधापाशी विजेचा, आवाजाचा आणि बुडबुड्यांचा अडसर घालायचं ठरलंय. खर्च 1 अब्ज डॉलरच्या वर, बहुतांश केंद्राचा. राज्यांच्या वाट्यात इलिनॉयने 5 कोटी डॉलर कबूल केले, मिशिगनने 6.4 कोटी. बांध शेजारच्या राज्यात, तरी मिशिगनचा आकडा मोठा, कारण पाचपैकी चार सरोवरांचं पाणी त्याच्या किनाऱ्याला लागतं आणि एकदा आत घुसलेल्या कार्पला वेचून मारणारं टीएफएमसारखं औषध वापरात नाही.