वर्धेच्या अलीकडे निझाम

तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, तेव्हा त्या जमिनीचा धनी कोण होता? सारा वसूल करत होता इंग्रजांचा तहसीलदार. कागदोपत्री सार्वभौम मात्र हैदराबादचा निझाम. अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंतचं सगळं वऱ्हाड निझामाचं, इंग्रजांकडे ते भाडेपट्ट्यानं. मोझरीहून नागपूरकडे निघालं की तिवशाच्या पुढे वर्धा नदी लागते. ती ओलांडली की हा निझामी पट्टा संपायचा. आमचे आजोबा पुलावर गाडी आली की हटकून म्हणत, "आता आपन वऱ्हाडाच्या भायेर आलो बाप्पा." नदीपलीकडचा मुलूख त्यांच्या लेखी शेवटपर्यंत 'सीपी'च, म्हणजे इंग्रजांचा मध्य प्रांतच, राहिला.

ही भानगड फौजेच्या थकलेल्या पगारापासून सुरू झाली. आपल्याच राज्यात इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेचा खर्च निझामाला झेपेना, म्हणून 1853 च्या तहानं डलहौसीनं वऱ्हाड ताब्यात घेतलं. काळी माती, कापूस. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. कर्झननं 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. निझाम उस्मान अली खान मुलूख परत मागत राहिला. गुरुकुंजाच्या स्थापनेला वर्ष होतं न होतं, तोच ऑक्टोबर 1936 मध्ये नवा करार झाला: सार्वभौमत्व निझामाचं, कारभार इंग्रजांचा, आणि वऱ्हाडात दोघांचे झेंडे शेजारी शेजारी. युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. त्याची बेगम दुर्रुशेहवार शेवटच्या तुर्की खलिफाची मुलगी. म्हणजे इस्तंबूलची राजकन्या नावापुरती का होईना, आमच्या तिवसा-मोर्शीची युवराज्ञी!

गंमत इथवरच. 1947 च्या उन्हाळ्यात इंग्रज निघाले आणि तिढा पडला. संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता संपणार, मग तिच्या जोरावर केलेला 1936 चा करारही संपणार. मग वऱ्हाड कोणाचं? जुलैमध्ये छतारीचे नवाब आणि इंग्रज बॅरिस्टर वॉल्टर मॉन्क्टन निझामाच्या वतीनं माउंटबॅटनसमोर बसले. त्यांच्या मागण्यांत वऱ्हाडही होतं. कायद्याच्या काटेकोर भाषेत त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हे कबूल करायला हवं. दिल्लीकडे त्यावर एकच भक्कम उत्तर होतं: तिथल्या लोकांना ते नको आहे.

आणि नेमक्या त्याच दिवसांत ते लोक अकोल्यात वेगळ्याच हिशेबाला बसले होते. 8 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ आणि इकडचे वऱ्हाड-नागपूरचे पुढारी यांनी ठरवलं की प्रांत एक, पण उपप्रांत दोन. महाविदर्भाचं, म्हणजे वऱ्हाड-नागपूरचं, विधिमंडळ वेगळं, मंत्रिमंडळ वेगळं. मोठ्या भावाच्या घरात जायचं, पण चूल वेगळी मांडायची. वेगळ्या विदर्भाची हाक देणारे ब्रिजलाल बियाणी अकोल्याचेच. तेव्हा ही अट कुठल्या भीतीतून आली, हे सांगायला नको.

नोव्हेंबरअखेर दिल्लीनं निझामाशी वर्षभराचा 'जैसे थे' करार केला. वऱ्हाडचा कारभार होता तसाच चालू राहिला. पुढे रझाकारांचा, म्हणजे निझामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, धुमाकूळ वाढला, आणि ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. त्याआधीच, जूनमध्ये, भाषावार प्रांतांसाठी धर आयोग नेमला गेला होता. एका हातानं सरकार परदेशात मांडायच्या बाजूची जुळवाजुळव करत होतं, दुसऱ्या हातानं घरच्या वाटण्यांचा कागद आयोगाकडे सरकवत होतं. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबादेत शिरल्या; 16 तारखेला पॅरिसमध्ये परिषदेची बैठक भरली, तिथे रामस्वामी मुदलियार भारताची बाजू मांडत होते; 17 ला निझाम शरण आला. हैदराबादची तक्रार मागे घेतली गेली, आणि वऱ्हाडावरचा दावाही त्याबरोबर विरला.

डिसेंबरात धर आयोगाचा अहवाल आला: भाषावार प्रांत तूर्त नकोत. अकोला करार बासनात गेला. त्या धामधुमीत सरकारनं नवी प्रांतरचना टाळली, ते समजण्यासारखं आहे. घर पेटलेलं असताना वाटण्या कोण करतं? पण आग विझल्यावरही वाटण्यांची ती बैठक परत भरली नाही, ही माझी तक्रार आहे. निझामापुढे ज्यांच्या इच्छेचा दाखला दिला, त्यांनी आपसांत केलेली बोली मात्र हिशेबात धरली गेली नाही.

पाच वर्षांनी, 28 सप्टेंबर 1953 ला, नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर अशा मंडळींच्या त्यावर सह्या आहेत. अकोल्यातल्या दोन विधिमंडळांच्या जागी आता एकच आलं. बदल्यात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा आणि वर्षातून काही काळ सरकारचा मुक्काम नागपुरी. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं 1955 मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तीही मागे पडली.

सरकारच्या त्या नागपुरी मुक्कामाचं आज उरलंय ते विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. डिसेंबरात त्या आठवड्यांत मोझरीच्या फाट्यावर उभं राहावं. अमरावती-अकोल्याकडून मोर्चाच्या गाड्या येतात, टपावर गुंडाळलेले फलक. कुणी गुरुकुंजात हात जोडून येतं, कुणी नुसताच चहा घेतं, बायका पदराखाली शिदोऱ्या सांभाळत गाडीतच बसून राहतात. मग तिवसा, आणि पुढे वर्धेचा पूल. खिडकीतून एखादी म्हातारी हात बाहेर काढते आणि पाण्यात एक रुपयाचं नाणं टाकते.